बुजलेला खड्डा

कणगल्याच्या अलीकडे मी डावा हात खाली करून खड्डा दाखवला आणि मागून सौम्या हसली. "काका, खड्डा कुठाय? बुजवलाय की तो!" तिच्या मागे साईराज होता, त्याने माझा हात बघून आपलाही हात खाली केला होता. सगळ्यात शेवटी भावकू, त्याने तर "खड्डाऽऽ" म्हणून आरोळीही ठोकली होती. अशा रीतीने चार सायकली एका रांगेत, नसलेल्या खड्ड्याला व्यवस्थित वळसा घालून पुढे गेल्या. भावकूने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला उलगडा झाला. "वकिलांनी खड्ड्याला श्रद्धांजली वाहिली रं," तो ओरडला, "बिचारा दिवाळीतच गेला म्हनं, आपल्याला कळवायचं ऱ्हायलं." सगळे हसले. मीही हसलो. रविवारची सकाळ होती, ऊन अजून कोवळं होतं, संकेश्वरात खाल्लेलं उप्पिट पोटात ऊब धरून होतं, आणि गोष्ट हसण्यासारखीच होती. हात मी हँडलवर परत ठेवला आणि पायडल मारत राहिलो. पण तो हात मला जरा परका वाटायला लागला. त्याने खड्डा दाखवला होता, आणि मी खड्डा पाहिला नव्हता. तिथलं डांबराचं नवं काळं ठिगळही पाहिलं नव्हतं. खरं तर त्या जागी मी काहीच पाहिलं नव्हतं.

पुढच्याला वारा कापावा लागतो, हे सायकल न चालवणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण त्याचं खरं काम डोळ्यांचं. मागच्याला पुढच्याच्या मागल्या चाकापलीकडे रस्ता दिसत नाही, दोन चाकांत जेमतेम हातभर अंतर. म्हणून पुढच्याने दाखवायचं. डावा हात खाली म्हणजे डावीकडे खड्डा, उजवा खाली म्हणजे उजवीकडे, आणि हात पाठीमागे नेऊन हलवला की कडेला काहीतरी उभं आहे, बाजूला सरका. तो इशारा एकेकाने मागे मागे द्यायचा. उलट मागून येणारा ट्रक शेवटच्याने ओरडून सांगायचा, ती आरोळी पुढे पुढे येते. पुढचं पुढच्याने सांगायचं, मागचं मागच्याने, आणि मधल्यांनी स्वतःची अक्कल चालवायची नाही. हा नियम आमच्या गटात भरमूने घातला. भरमू कडोलीचा, सकाळी शेत आणि मग उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी, अशा दोन्ही गाड्या ओढणारा माणूस, आणि सौम्याचा बाप. गेल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला तेव्हापासून तो सायकलवर बसत नाही. आज पहाटे उजाडता उजाडता काकतीच्या फाट्यावर तो मोटरसायकल घेऊन सौम्याबरोबर येऊन थांबला होता. कानटोपी, वर शाल. ही तिची पहिली मोठी फेरी, बेळगावहून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत आणि परत. "पोरगी तुमच्या मागं घाला, वकील," तो म्हणाला. "म्हंजे मला घोर न्हाय." सौम्या बँकेत नोकरी करते, चांगली सव्वीस वर्षांची आहे, तिने डोळे फिरवले. मी म्हणालो, "निर्धास्त राहा." वकिलाच्या तोंडी हे शब्द इतके बसलेले असतात की ते आपोआपच बाहेर पडतात.

माझी वकिली मोटार अपघातांच्या दाव्यांची. तीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारत आलो आहे: तुम्ही पाहिलं का? साक्षीदार पाहिलं म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. हुक्केरीकडचा एक मष्णू म्हणून साक्षीदार होता, त्याने शपथेवर सांगितलं की ट्रकचा डावा दिवा लागलेला होता. मी त्याला हळूहळू मागे नेत गेलो. तू कुठे उभा होतास, तोंड कुणीकडे होतं, आवाज आधी आला की उजेड, आणि शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "दिवा असतोच की ओ साहेब, ट्रकाला." कोर्टात हशा पिकला. माणूस जे असतंच ते पाहिलं म्हणून सांगतो. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला, अदितीला, ही गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि ती म्हणाली होती, "बिचाऱ्याची फजिती केलीत." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. कणगल्याहून पुढे निघालो तसा तो मष्णू माझ्या डोक्यात येऊन बसला. रस्त्याच्या त्या वळणावर, कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या पुढे डाव्या हाताला खड्डा असतोच. गेली सहा-सात वर्षं आहे. मी तो पाहत नाही, तो माझ्या हाताला पाठ आहे.

काचबिंदू म्हणाले डॉक्टर. दसऱ्याच्या सुमारास चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेलो होतो. त्यांनी एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि हातात एक बटण दिलं. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला कुठे बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मला तो खेळ आवडला. थोड्या वेळाने दिवे लागण्याचा ताल माझ्या लक्षात आला, आणि दिसो न दिसो, मी तालावर बटण दाबत गेलो. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवायची लहानपणची सवय, दुसरं काय. डॉक्टरांनी निकालाचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, दिवा नसतानाही तुम्ही बटण दाबलंत," ते म्हणाले, "यंत्र मुद्दाम मध्ये मध्ये दिवा लावत नाही." ओशाळवाणं हसून मी पुन्हा बसलो. दुसऱ्या खेपेला प्रामाणिकपणे दाबलं, तेव्हा डावीकडे बराच वेळ दाबण्यासारखं काही आलंच नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलंय, उजव्याचं सुरू झालंय, ते म्हणाले. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं राखायचं. गाडी चालवता का? जपून, मी म्हणालो. सायकलचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं, हे मी अशिलांना शिकवतो.

लोकांना वाटतं की दिसत नाही म्हणजे काळोख असतो. काळोख असता तर बरं झालं असतं, काळोखाची भीती वाटते आणि माणूस जागा राहतो. इथे तसं काही नसतं. डावीकडे रस्ता असतो, ऊस असतो, मैलाचे दगड असतात, सगळं नीट, कारण मेंदू आजूबाजूचं उचलून तिथे भरत राहतो. काही उणं आहे असं वाटतच नाही. घरी मला त्याचा पत्ता ताटावर लागला. जेवण झालं की ताटाच्या डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. "कोशिंबीर आवडली नाही?" अदितीने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती कोशिंबीर उजवीकडे भाताजवळ वाढायला लागली, आणि मी ती खाऊ लागलो. तिच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही. पंगतीत वाढायला शिकलेल्या बाईने कोशिंबीर उजवीकडे वाढावी हे साधं नव्हे. थेंबांची बाटली मी ऑफिसच्या खणात ठेवतो. घरी सांगितलं की डोळे कोरडे पडतात, वय झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा सांगितलं की आधी गाडीची किल्ली जाणार, मग सायकल जाणार, मग कुणीतरी हाताला धरून रस्ता ओलांडून देणार, आणि मी "आभारी आहे" म्हणणार. त्या दोन शब्दांच्या विचाराने मला संताप येई. अजूनही येतो.

आणि सायकल म्हणजे तरी काय होतं? मला कधी ते नीट सांगता आलेलं नाही. अंगाला तर नुसता जाच. पाऊणशे किलोमीटर झाले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मानेत खिळा ठोकल्यासारखं होतं, बैठक सोलून निघते, आणि घाम वाळून गालावर मिठाचा थर चढतो. ऊसतोडणीच्या दिवसांत रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली असतात, त्यांवरून चाक गेलं की माणूस आडवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता चाललेले असतात, आणि त्यांवरची गाणी एवढ्या मोठ्याने की मागून कोण येतंय याचा पत्ता लागत नाही. फुटलेल्या टायरांच्या तारा, धाब्यावरची कुत्री, सहापदरीकरणासाठी रात्रीत उपटलेला आणि सकाळी भलतीकडे वळवलेला रस्ता. ट्रक जवळून गेला की आधी वारा ढकलतो आणि मग ओढतो. हे सगळं खरं. तरी हत्तरगीच्या पुढे, उजाडल्यावर, ऊन पाठीशी घेऊन एका लयीत चाललं की तासभर माझ्या डोक्यात एकही वाक्य नसतं. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं उलटीपालटी करणाऱ्याला याची किंमत कळते. शिवाय मी पुढे असतो. आमच्या रांगेत मीच पुढे असतो, भरमूचा गुडघा गेल्यापासून. कोर्टात मला कुणी एवढं मानत नाही. माझ्या पाठीमागे तीन माणसं डोळे मिटल्यासारखी येतात, हे मला आवडतं. हे कबूल करायला हवं.

तवंदी घाटाच्या तोंडाशी आम्ही नेहमीसारखे थांबलो. उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेक तपासायचे, दोन घोट पाणी प्यायचं, अंतर वाढवून एकामागून एक उतरायचं. खाली निपाणीकडचा मुलूख धुक्यात निम्मा बुडालेला होता. भावकूने खिशातून शेंगदाण्याचे लाडू काढून वाटले. तो बेकिनकेऱ्याचा, उसाबरोबर थट्टाही पिकवतो. "घ्या वकील, खावा," तो म्हणाला, "डोळ्याला चांगलं असतंय." साईराज हसला. तो मुळात बोलत नाही, इंजिनियर आहे, सायकलच्या साखळीकडे मात्र तासन्‌तास बघतो. सौम्या घाटाकडे बघत होती. तिच्या हातमोज्यांच्या टोकाशी बोटं जरा आखडलेली दिसली. "भीती वाटतीय?" मी विचारलं. "थोडी," ती म्हणाली. "पण तुमचं चाक बघून येतो मी. तुम्ही जसं वळशीला तसं वळतो." आमच्याकडच्या मुली येतो-जातोच म्हणतात, बापासारख्या. त्या वाक्याने मला सरळ विचारलं होतं. आता सांगायला हवं होतं. भावकू, आज तू पुढे हो, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं, कारण द्यायचीही गरज नव्हती. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात भावकू म्हणाला, "आनि वकील, घाटात आनि कुनाकुनाला श्रद्धांजली वाहायची हाय ते आधी सांगा, म्हंजे आमी टोप्या काढतो." पुन्हा सगळे हसले. आता भावकूला पुढे हो म्हणालो तर वकील थट्टेला घाबरला म्हणतील, असं मला वाटलं. खरोखर वाटलं. एवढ्याशा कारणाने मी चष्मा पुसला, हेल्मेटचा पट्टा ओढला आणि पुढे झालो.

उतारावर सायकल हलकी होते. पायांना काही काम नाही, नुसते हात आणि डोळे. घाटात एका बाजूचं काम चालू होतं म्हणून आमची बाजू अरुंद केलेली होती. उजवीकडे पत्र्यांची रांग, डावीकडे डांबराची कड आणि तिच्यापलीकडे खडी. मी कडेपासून दीड हात आत धरून चाललो होतो. पहिलं वळण मला पाठ आहे, दुसरं पाठ आहे. वारा कानात भरला होता, मागच्या चाकाचा सरसर आवाज बरोबर येत होता, तो सौम्याचा, मला त्याचा आनंद वाटत होता, आणि मी मनाशी म्हणत होतो की दिसतं आहे. सगळं दिसतं आहे, झाडं, पत्रे, खालचा रस्ता. डॉक्टरांच्या यंत्रात काहीतरी चूक असणार. तिसऱ्या वळणावर रस्ता डावीकडे वळतो. मी वळलो. आणि मागून सौम्या किंचाळली, "काका, डावीकडं! गाडी!"

ती आरोळी उलटी होती. पुढचं मागच्याने कधीच सांगायचं नसतं. तिने ते सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर ही पोरगी नियम मोडते आहे. मग माझ्या डाव्या कोपराशी, जिथे रिकामा स्वच्छ रस्ता होता तिथे, हिरव्या चाऱ्याचा एक मोठा भारा अचानक उभा राहिला. उलट्या बाजूने वर येणारी मोटरसायकल, मागे चाऱ्याचा भारा, आणि भाऱ्यापुढे मफलर गुंडाळलेलं तोंड. मी उजवीकडे झटका दिला. पत्र्याला हँडल घासलं, ठिणगी उडाली की नाही माहीत नाही, माझा पाय पायडलच्या क्लिपमधून सुटला, आणि मी उभाच राहिलो. माझ्या मागे रस्ता उघडा पडला आणि त्या उघड्या रस्त्यात सौम्या होती. ती माझं चाक बघत येत होती, ते चाकच एकाएकी तिच्या पुढून गेलं. तिने ब्रेक दाबले, चाक खडीवर गेलं, आणि मी नंतर मागे वळून पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला कुशीवर पडलेली होती, सायकल अजून तिच्या पायात. साईराज आणि भावकू लांब होते, ते सावरून थांबले. मोटरसायकलवाला जराही न थांबता वर गेला, आणि जाताना मला बघून ओरडला, "नोडकोंड होग्री!" बघून जावा. उलट्या बाजूने येणारा मला बघून जायला सांगत होता. कोर्टात मी त्याला दहा मिनिटांत आडवा केला असता. इथे त्याचं म्हणणं बरोबर होतं.

सौम्या उठून बसली. कोपर सोलवटलं होतं, मांडीवर कपडा फाटून त्याखाली रक्त आणि खडी एक झाली होती. हाड शाबूत होतं, ती पाय हलवू शकत होती. भावकूने बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं, ती "आईऽ" म्हणाली आणि मग तिने दात आवळले. साईराजने तिची सायकल उचलून चाक फिरवून पाहिलं. "उलट्या बाजूनं मरायला येत्यात बघा," भावकू वरच्या रस्त्याकडे बघून शिव्या घालत होता. "वकील, घाला एक केस. नंबर बघितला काय?" मी नंबर बघितला नव्हता. मोटरसायकलच बघितली नव्हती. तिथे उभ्या उभ्या मला इतकं स्वच्छ कळलं की ही चूक त्या माणसाच्या नावावर सहज खपून जाईल. पुरावा होता, साक्षीदार होते, सगळेच माझ्या बाजूचे. दृष्टीआड सृष्टी. निपाणीत जाऊन पट्टी बांधायची, चहा प्यायचा, आठवडाभर त्या चारावाल्याला शिव्या द्यायच्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा रांगेत पुढे. मग सौम्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. "काका," ती म्हणाली, "तो लांबूनच दिसत होता. मला तुमच्या पाठीमागनं दिसला. तुम्ही वळलाच कसं त्याच्या अंगावर?"

"मला डावीकडचं दिसत नाही," मी म्हणालो. वाक्य अगदी लहान निघालं. इतके महिने ते किती मोठं असेल असं वाटत होतं. भावकूने बाटली तशीच धरून ठेवली, पाणी खाली सांडत राहिलं. तो थट्टा करील अशी मला आशा होती, पण त्याने केली नाही. "कवापासनं?" त्याने विचारलं. दसऱ्यापासून माहीत आहे, मी म्हणालो, त्याआधी केव्हापासून ते माहीत नाही. "म्हंजे तो खड्डा..." साईराज म्हणाला आणि थांबला. सकाळपासूनचं त्याचं ते पहिलंच वाक्य, तेही अर्धं. सौम्या उभी राहिली, एका पायावर भार देऊन. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. "आणि तुम्ही पुढं होता," ती म्हणाली. "मी सांगितलं तुम्हाला, तुमचं चाक बघून येतो म्हणून. दहा मिनिटं पण झाली न्हाईत. तवा सांगायचं न्हाई?" तिचा आवाज चढत गेला आणि तिचं बँकेतलं मराठी सुटून गावाकडचं आलं. "मी पत्र्यात गेलो असतो तर? मागनं ट्रक असता तर? काकूला तरी ठाव हाय काय?" नाही, मी म्हणालो. "कुनालाच न्हाई?" कुणालाच नाही. मला वाटत होतं की तिने आणखी बोलावं, कारण ती बोलत होती तोवर मला आत कुठेतरी हलकं वाटत होतं, आणि याचीही मला लाज वाटत होती. मग ती म्हणाली, "पप्पांना तुम्ही सांगायचं. मी न्हाई सांगनार. आत्ता. हितनंच."

भरमूने फोन पहिल्याच रिंगला उचलला. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता, तो शेतात असणार. मी काही म्हणायच्या आत त्याचंच सुरू झालं. "पोचला काय निपानीत? पोरगी दमली न्हाय न्हवं? लई हट्टी हाय, दमली तरी सांगायची न्हाय, तुमीच थांबवा मधी मधी. आनि घाटात कशी आली? आरं, मी तर सकाळधरनं आईला सांगतोय तिच्या, आज आपली पोरगी महाराष्ट्राच्या शिवंला हात लावून येतीय म्हनून." मी म्हणालो, भरमू, ऐक. मी त्याला अरे-तुरे कधी करत नाही, त्यामुळेच असेल, तो गप्प झाला. मी आधी सांगितलं की ती पडली आहे, हाड मोडलेलं नाही, उभी आहे, बोलते आहे. मग सांगितलं की दोष मोटरसायकलवाल्याचा होता तितकाच माझा होता. मग ती अर्धीमुर्धी वाटणीही मला नकोशी झाली आणि मी म्हणालो, दोष माझा होता, मला दिसत नाही, मी पुढे जायला नको होतं, मला माहीत होतं आणि तरी गेलो. पंप चालू होता. अशिलाच्या बाजूने बोलायचं नसलं की वाक्य किती सरळ निघतं याचं मला नवल वाटलं. "तुमच्यावर सोडली हुती ओ मी," भरमू शेवटी म्हणाला. त्यात राग नव्हता, राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मग तो म्हणाला, "तिला द्या फोन."

मी फोन सौम्याच्या हातात दिला. तो कानाला लावून ती लंगडत माझ्या डाव्या बाजूने पुढे गेली, आणि दोन पावलांवर दिसेनाशी झाली. तिथे घाटाची कड होती, खडी होती, निपाणीवरचं धुकं होतं, आणि ती नव्हती. भावकू आणि साईराज माझ्या समोर सायकलींना टेकून खाली बघत उभे होते. तिचा आवाज मात्र अगदी जवळून येत होता, माझ्या खांद्यापाशी कुणी बोलतंय इतका जवळून. "न्हाई पप्पा, लागलंय तेवढंच, खरंच... व्हय, सांगितलं त्यांनी... आरडू नगासा..." मग म्हणाली, "तुम्ही यायला नकोसा. ती दोघं जाऊ देत पुढं कोगनोळीला. मी काकांना घेऊन येतो. मी पुढं ऱ्हातो, हळूहळू येतो... व्हय पप्पा. आल्यावर काय बोलायचं ते बोला त्यांना, मी पन बोलनार हाय." मला मान वळवून तिच्याकडे बघता आलं असतं. मी वळवली नाही.